श्रूजबरीचे पंतप्रधान

श्रूजबरीच्या आमच्या महाराष्ट्र मंडळाला अध्यक्ष नाही, जगन्नाथराव आहेत. दर गणपतीत प्रसादानंतर ते हात जोडून म्हणतात, "अध्यक्ष कसला हो, मी आपला सेवक," आणि आम्ही टाळ्या वाजवून त्यांना बिनविरोध निवडून देतो. पुढचं वर्षभर हा सेवक कोणाला विचारून काही करतो, असं मी तरी पाहिलेलं नाही.

१९८५ साली मी ठरवलं, यंदा आपण उभं राहायचं. सगळ्या मंडळाचा मसालेभात इतकी वर्षं मीच करते. मंडळ चालवायला त्याहून जास्त अक्कल लागत असेल असं मला वाटेना. प्रताप माझं नाव सुचवणार होता, मालिनी अनुमोदन देणार होती. दोघांनी माझ्याकडे चहा पिऊन तसा शब्द दिला होता.

त्यात माझ्या वीणानं शाळेत रॉबर्ट वॉलपोलवर पेपर लिहिलेला. ब्रिटनचा पहिला पंतप्रधान म्हणतात तो हा. वाचून मी हरखूनच गेले. वीस वर्षं सत्तेवर, मित्रांना आणि नातेवाइकांना पदं वाटून पार्लमेंट मुठीत, आणि कोणी पंतप्रधान म्हटलं की साफ नाकबूल! मी तिच्याकडून तो मराठीत घोकून घेतला आणि निवडणुकीच्या अगदी आधी तिचं भाषण ठेवायला लावलं. "शेवटी मतं कमी पडली आणि त्याला जावं लागलं" या वाक्याला जरा थांब, असंही बजावलं.

वीणा थांबली. गणपतीसाठी भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या कॅफेटेरियात हशा पिकला, सगळ्यांच्या माना जगन्नाथरावांकडे वळल्या. मला आनंदानं बसवेना.

सगळ्यात मोठ्यानं जगन्नाथराव हसत होते. हसत हसतच ते माइकपाशी आले.

"काय ब्रिलियंट पोरगी आहे! नेक्स्ट इयर मुलांचा अख्खा प्रोग्रॅम हीच कंडक्ट करेल. प्रताप, तुझी ती एकांकिका करून टाकू यार, डिरेक्शन तुझंच. मालिनीताई, तुमच्या भजनाला वेळ पुरत नाही, पुढल्या वेळी पूर्ण तास घ्या." मग हात जोडले. "बाकी मी आपला सेवक. कोणाला दुसरं नाव सजेस्ट करायचंय?"

प्रताप द्रोणातला शिरा निरखू लागला. मालिनी बहुधा तासभर काय गायचं या विचारात होती. मी नवऱ्याकडे पाहिलं. पुरुषोत्तम मागच्याच आठवड्यात साउंड सिस्टिमचा प्रमुख झाला होता. तो वायर तपासायला गेला. आमचा बेत जगन्नाथरावांना कळला कसा, हे मला तेव्हा उमगलं. स्वतःचं नाव स्वतःच सुचवायची आपल्यात रीत नाही, म्हणून मीही टाळ्या वाजवल्या. संताप संताप झाला होता माझा.

गाडीत वीणा म्हणाली, "आई, वॉलपोल पण असंच करायचा. जो ट्रबल देईल त्याला आधी पोस्ट. प्रतापकाकाला दिली, मालिनीमावशीला दिली, बाबांना पण. तुला काय दिलं?"

"मला? काही नाही."



"देन ही वॉजन्ट स्केअर्ड ऑफ यू, आई."