जिन्यावरचा दवाखाना

लिफ्टवाला आत आला तेव्हा सिस्टर फडताळातल्या खोकल्याच्या बाटल्या पुसत होत्या. दवाखाना उघडायला अजून अर्धा तास होता. मठातल्या बाकीच्या दोघी सिस्टर बाहेर, एक शाळेत, एक इस्पितळात. घरात फक्त त्या, आणि माडीवर आसऱ्याला आलेली काजवाली.

"फळा वाचला," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "माझ्या बायकोसाठी प्रार्थना करताय. उपकार झाले."

सिस्टरांनी हातातली बाटली फडताळात ठेवली. आज कुणासाठी प्रार्थना करायची ते त्या रोज सकाळी दाराबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहीत. गेली सत्तावीस वर्षं. आज लिहिलं होतं, 'काजवालीच्या उजव्या हातासाठी'. नाव टाळलं म्हणून त्या निर्धास्त होत्या. पण या गल्लीत नावाने कोण कुणाला ओळखत होतं? शर्टांना काजं करणारी ती एकटीच, आणि तिचा उजवा हात कुणी पिरगाळला ते पिरगाळणाऱ्याला सांगायची गरज नव्हती.

"वर आहे ना?"

नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो. पण ते त्यांना कधी जमलंच नव्हतं. हिच्या पोटात गुपित राहत नाही, म्हणून मठातसुद्धा त्यांची चेष्टा व्हायची.

"आहे," त्या म्हणाल्या. "पण ती खाली येणार नाही, आणि तुम्ही वर जाणार नाही."

मागे सरकत सरकत त्या जिना चढल्या आणि सातव्या पायरीवर मटकन बसल्या. जिना लाकडी, एका माणसापुरता. लिफ्टवाल्याने बाक ओढून खाली समोरच ठाण मांडलं. पिशवीतून पाना काढला आणि तो चिंधीने पुसायला लागला. फोन त्याच्या पाठीमागच्या टेबलावर होता.

"सिस्टर, तुम्हाला हो संसारातलं काय कळतं?"

"काही नाही. हाडांचा फोटो तेवढा कळतो."

तो हसला. अगदी मनापासून हसला, त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

"माझं काम ठाऊक आहे ना? अडकलेली माणसं बाहेर काढायची. मी घाई करत नाही. आतला माणूस कंटाळतो, आपणहून हाक मारतो."

वर फळी करकरली. दोघांनीही वर पाहिलं. तो पाना पुसायचा थांबला.

तेवढ्यात दम्याच्या आजी आल्या, नेहमीसारख्या सगळ्यांच्या आधी. या दवाखान्यात नंबराच्या चिठ्ठ्या नव्हत्या. सिस्टर जिथे बसतील तिथून रांग सुरू, एकजण उठला की बाकीच्यांनी एकेक जागा पुढे सरकायचं. आजींनी सिस्टरांना जिन्यावर पाहिलं, पदर खोचला आणि धापा टाकत त्यांच्या खालच्या पायरीवर येऊन बसल्या.

"आज इथे दुकान मांडलंय होय? खुर्ची मोडली?"

"गुडघ्यांत जोर नाही."

"आता कळलं का आमचं दुखणं?"

मागोमाग अंगठ्याला फडकं बांधलेला सुतार आला. कान दुखणारी मुलगी कडेवर घेऊन तिची आई आली. मानेवर गळू झालेला टॅक्सीवाला आला. जो आला तो जिन्यावर बसला. कुणाला काही ठाऊक नव्हतं. रांग होती, एवढंच.

लिफ्टवाला उठला. "सरका. मला वर जायचंय."

"बरा आहेस की," आजी म्हणाल्या. "आम्ही इथे वारा खायला बसलोय? दुखतंय काय तुझं?"

त्याने पिशवी खांद्याला अडकवली.

"दुखत असेल तर टॅक्सीवाल्याच्या मागे बस. नसेल तर घरी जा."

त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. पाना हातातच होता. टॅक्सीवाल्याने पान्याकडे पाहिलं, मग मान अवघडत वर सिस्टरांच्या चेहऱ्याकडे, आणि आपला पाय सावकाश आडवा पसरला. मुलगी मुसमुसायला लागली. सिस्टरांना ओठांवर एकही प्रार्थना आणता आली नाही.

जिन्यावरून कुणी उठलं नाही. लिफ्टवाल्याने पाना पिशवीत टाकला.

"उद्या सकाळी येतो," तो म्हणाला. "रांग नसते तेव्हा."

तो गेला. टॅक्सीवाला चार पायऱ्या चढून जवळ आला.

"फळा मीही वाचलाय. मागच्या दाराशी गाडी लावतो, सिस्टर. माझी एक बहीण आहे, तिच्या..."

"कुठे नेताय ते सांगू नका."

"का?"

"उद्या तो विचारेल. ठाऊक असलं तर मी सांगून मोकळी होईन."

"होईलच," आजी म्हणाल्या. "तू गप नेऊन सोड."

काजवाली डाव्या हातात बोचकं घेऊन उतरली. माणसांतून वाट काढताना तिचा गुडघा सिस्टरांच्या खांद्याला लागला. ती तिथेच थांबली.

"कळवू कसं तुम्हाला?"

"कळवू नकोस. प्लास्टर तीन आठवड्यांनी काढून घे. तोवर भिजवू नकोस."

मागच्या दाराची कडी वाजली. गाडी सुरू झाली. बोळाच्या तोंडाशी ती डावीकडे वळणार की उजवीकडे, ते इथवर ऐकू आलं असतं. सिस्टरांनी घाईघाईने गळ्यातला स्टेथोस्कोप कानांत घातला आणि दुसरं टोक आजींच्या पाठीवर दाबून धरलं.

"श्वास घ्या."

"किती जोरात दाबतेस गं," आजी म्हणाल्या.

"घ्या, मोठा घ्या. अजून एक."