डॉ. तनुजाचा फ्लेक्स

अतुलनं की-बोर्ड तनुजाकडे सरकवला.

"ताई, सगळी कॉलेजं टाकली. पासवर्ड मारा आन् फॉर्म लॉक करा, म्हंजे पक्का झाला. पाचला लिंक बंद व्हणार, आन् त्याच्या आधी सर्व्हर नाटकं करतो."

शहरात, गुलमंडीतल्या त्याच्या ऑनलाइन सेंटरमध्ये चार वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. पडद्यावर होमिओपॅथीची बावीस कॉलेजं ओळीनं उभी होती. मागं प्लास्टिकच्या खुर्चीत तनुजाचे वडील रामकिसन, मांडीवर कागदपत्रांची पिशवी घट्ट धरून. गेल्या अर्ध्या तासात त्यांनी पाठही टेकवली नव्हती.

तनुजाला नीट परीक्षेत तीनशे त्रेचाळीस गुण. बायोलॉजीनं तारलं आणि फिजिक्सनं बुडवलं, एकशेऐंशीपैकी चोवीस! एमबीबीएसच्या यादीत तिचं नाव कुठंच नव्हतं. होमिओपॅथीला मात्र एवढ्यावर नंबर लागेल, असं अतुल छातीठोक सांगत होता.

खरी भानगड वेगळीच होती. जूनमध्ये निकालावर 'पात्र' असं आलं, आणि डॉक्टरकीच्या परीक्षेत पोरगी पात्र झाली म्हणजे डॉक्टर झाली, असा रामकिसननं सरळ हिशेब लावला. याच गुलमंडीत दहा फुटी फ्लेक्स छापून घेतला आणि गावी, देवगाव रंगारीच्या स्टँडसमोर बांधला. 'डॉ. तनुजा'. छापणाऱ्यानं हौसेनं तिच्या गळ्यात स्टेथोस्कोपही चिकटवला. खरं काय ते तनुजानं सांगितलं तेव्हा बाप म्हणाला, "आज ना उद्या व्हणारच हायेस. मग काढायचा न् परत बांधायचा कशाला?"

चार महिने झाले, फ्लेक्स तसाच होता. गावी जाताना एसटी स्टँडवर वळली की तनुजा दुसऱ्या खिडकीकडे बघायची. लाज वाटायची तिला, रडू येईल इतकी.

तिनं पासवर्डची दोन अक्षरं टाकली तोच रामकिसनचा फोन वाजला. शेजारच्या आवडाबाई.

"रामकिसन, डॉक्टरीणबाई हायेत का जवळ?"

रामकिसनचा चेहरा खुलला. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. "घे. तुझी पहिली पेशंट."

"बाई, दवाखान्यातून दोन गोळ्या दिल्यात. एक पिवळी, एक पांढरी. उपाशीपोटी कंची घेऊ गं?"

अतुलनं कौतुकानं मान डोलावली. तनुजाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मावशी, मला नाय माहीत."

"आं?"

"ज्यांनी दिल्या त्यांनाच विचारा. तोवर अंदाजानं घेऊ नका."

"अगं, पर तू डॉक्टर झालीस ना?"

"नाय झाले, मावशी. अजून नाय."

पलीकडं गोळ्यांची पुडी चुरचुरली. मग आवडाबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई सांगितलंस. मी तर तुझ्या भरवशावर तू म्हणशील ती गिळणार व्हते."

फोन बंद झाला. तनुजानं की-बोर्डवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

"अप्पा, मी लॉक करत नाय."

"एका म्हातारीच्या गोळीपायी?"

"होमिओपॅथी ज्याला करायचीय त्यानं खुशाल करावी. मला नाय करायची. मी ही सीट फक्त त्या फ्लेक्सपायी घेतीय."

रामकिसननं पिशवीचे बंद उगाच सोडले, पुन्हा बांधले.

"गेल्या बारी पाच धडे राहिले व्हते," ती म्हणाली. "तुम्ही म्हणलात देऊन तर बघ, मी दिली. तयारी नव्हती आन् रांगेत मात्र उभी राहिले. आता तसं नाय करायचं. सहा महिने नुसतं फिजिक्स. चुकलेलं एकूण एक गणित वहीत उतरवलंय मी, कुठं चुकते ते आता कळायलंय."

"आन् पुढच्या साली बी नाय लागलं तर?"

"तर ह्याच खुर्चीत बसून हीच कॉलेजं टाकीन. तोंड पाडणार नाय."

अतुल एकदा घड्याळाकडे, एकदा रामकिसनकडे बघत होता. "काका, वीस मिनिटं हायेत. नंतर म्हणू नका."

रामकिसन उठले. तनुजाला वाटलं, आता ओरडणार. ते फक्त म्हणाले, "चल. एसटी चुकंल."

एसटीत रामकिसन पिशवी मांडीवर धरून पुढं बघत बसले. स्टँडवर उतरल्यावर या वेळी तनुजा फ्लेक्ससमोर उभी राहिली. उन्हानं तिचा छापील चेहरा फिकटला होता.

"अप्पा, हा काढा."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. चार दिवस हसतील. मला वर्षभर ह्याच्या खालून जायचंय."

रामकिसन घराकडे चालू लागले. रात्री जेवायलाही ते तिच्याबरोबर बसले नाहीत. अंथरुणावर पडून तनुजाला दोनदा वाटलं, चुकलंच आपलं, पाच तर वाजून गेले. मग तिनं उठून फिजिक्सची वही उशाशी घेतली.

सकाळी ती अंगणात आली तर मक्याच्या ढिगावर फ्लेक्स पसरलेला होता. आई चहूबाजूंनी दगड ठेवत होती.

"पहाटंच सोडून आणला तुझ्या अप्पानं. पण बघ की, चांगलं भोक पाडून ठेवलंय. पाऊस आला म्हंजे मका भिजायची."

तनुजा जवळ गेली. वरच्या कोपऱ्यात वीतभर चौकोन गायब होता. तिचं नाव शाबूत होतं. फक्त नावाआधीचं 'डॉ.' नव्हतं. कात्री अगदी जपून फिरवलेली, एक धागासुद्धा लोंबत नव्हता.

रामकिसन गोठ्याकडून आले.

"अप्पा, हे कुणी कापलं?"

"उंदरानं."

"व्हय व्हय," आई म्हणाली, "लई शिकलेला उंदीर. कापलं न् सातबाऱ्याच्या पिशवीत घडी घालून ठेवलं."

रामकिसननं बायकोकडे डोळे वटारले. मग खांद्यावरचं खताचं रिकामं पोतं काढून त्यांनी त्या भोकावर अंथरलं, वर दगड ठेवला आणि हातानं दाबून बघितला.

"वर्षभर चालंल एवढं," ते म्हणाले. "जा, अभ्यासाला बस."