कधी वापरू नये

"नलिनीताई, 'खुर्ची मोकळी करणे'चं वर्णन तुम्हीच लिहिलं होतं ना?" फोनवर शलाकाने विचारले.

नलिनीने हो म्हटले. समोरच्या बाकावर डभोई गावाहून बसने येणारे गणपतराव मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. त्यांची डायलिसिसची वेळ साडेअकराची. बस चाळीस मिनिटे उशिरा पोचली, तोवर त्यांची चार नंबरची खुर्ची दुसऱ्याला देऊन झाली होती. एकदा सुया टोचल्या की माणसाला चार तास उठवता येत नाही, आणि पुढच्या पाळ्या भरलेल्या.

खुर्ची दिली होती एजंटने. महिन्यापूर्वी डायलिसिस केंद्राने हा संगणकातला कारकून कामाला लावला. वेळ देणे, निरोप पाठवणे, फोन लावणे, खुर्ची मोकळी करणे अशी अकरा साधने त्याच्या हाती होती. कोणते साधन कशासाठी, कधी वापरावे आणि कधी वापरू नये, हे लिहून द्यायचे काम नलिनीच्या गळ्यात पडले, कारण त्या टेबलावर तिची बावीस वर्षे गेली होती. सॉफ्टवेअर कंपनीची शलाका बजावून गेली होती, "ताई, हुशार आहे तो, पण नुसता सांगकाम्या. तुम्ही लिहाल तेवढंच त्याला ठाऊक."

दहा साधनांचे नलिनीने नीट लिहिले. अकराव्याला येईतो संध्याकाळ झाली, डोळे चुरचुरायला लागले, घरी स्वयंपाक व्हायचा होता. 'रुग्ण वीस मिनिटांत न आल्यास वापरावे' हे नियमाचे वाक्य टाकून 'कधी वापरू नये'च्या रकान्यात तिने रेघ ओढली. खरे तर तो नियम तिने स्वतः कधीच पाळला नव्हता. वीस मिनिटे झाली की ती घरी फोन लावी आणि माणूस निघालाय असे कळले की खुर्चीवर घडी घातलेली चादर ठेवी. चादर असलेली खुर्ची कोणी सिस्टर देत नसे. पण हे लिहायचे असते, हे तिच्या डोक्यातच आले नाही. भाजीत मीठ घालायचे, हे काय कुणी लिहून ठेवते?

"माझी चूक झाली, काका," ती म्हणाली. लपवायला अंगात जोरही उरला नव्हता.

"चालशे बेन, चालशे," गणपतराव आपल्या गुजराती मिसळलेल्या मराठीत म्हणाले. "सोमवारी तर मीच भाच्याच्या लग्नापायी बुडवलं. उद्याची आपो ने, उद्याची द्या."

सिस्टरने त्यांचा पाय दाबून पाहिला. बोट रुतले तिथे खळगा तसाच राहिला; अंगात पाणी साचले होते. तिने मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली, आत्ताच्या आत्ता जा म्हणून सांगितले. नलिनीनेही परोपरीने विनवले. गणपतराव ऐकेनात, त्यांना बायकोची काळजी.

"तिथं रात्र जाईल. घरी चिमणाबाई एकटी आहे. सकाळी येतोच ना मी."

साडेसातची चार नंबरची खुर्ची तिने त्यांच्या नावावर लावली. परतीच्या बसला वेळ होता. मग ती तो रिकामा रकाना लिहायला बसली. "काका, उशीर कशाकशाने होतो, सांगा बरं."

"बस डेपोतूनच लेट सुटते. फाटक पडतं. कधी ओकारी येते, मग मधेच उतरून बसावं लागतं. ते पण लिहा."

तिने तेही लिहिले. 'वीस मिनिटांनी आधी रुग्णाला फोन करावा, मग त्याच्या घरी. बाहेरगावच्या रुग्णाची खुर्ची उत्तर मिळाल्याशिवाय कोणालाही देऊ नये. दर पंधरा मिनिटांनी पुन्हा विचारावे.' शलाकाने ते वाचून लगेच फोन केला. "आता कसं! हेच तर हवं होतं, ताई." नलिनीला आनंद झाला नाही. बावीस वर्षे इतक्या थोड्या ओळींत आटोपली, याचे वाईटच वाटले.

दुसऱ्या दिवशी साडेसात वाजून गेले. सात पन्नासला एजंटने गणपतरावांना फोन लावला, मग घरी लावला. कोणी उचलला नाही. 'खुर्ची राखून ठेवली आहे,' असे पडद्यावर आले. आठ पाचला पुन्हा. आठ वीसला पुन्हा. तिने लिहिले तसेच, अक्षर न् अक्षर.

"चार नंबर खाली छे ने? बसू का?" बाकावर पाळीची वाट बघणाऱ्या एका बाईंनी विचारले.

"नाही," नलिनी म्हणाली.

मग तिने स्वतः फोन लावला. बऱ्याच वेळाने चिमणाबाईंनी उचलला.

"तुमच्या त्या मशीनचाच असेल म्हणून घेत नव्हते, नलिनीबेन. त्याला काय सांगू? पहाटे गेले हो. श्वास लागला, गाडी यायच्या आतच..." मग त्याच म्हणाल्या, "काल खुशीत होते. म्हणाले, बेननी उद्याची खुर्ची पक्की केलीय. दोन घास जास्त जेवले."

नलिनीने फोन ठेवला, तेव्हा आठ पस्तीस झाले होते आणि एजंट पुन्हा तोच नंबर फिरवत होता. वाट बघणे कधी सोडायचे, हे तिने लिहिलेच नव्हते. तिने तो फोन तोडला. मग उठली, बाकावरच्या बाईंचा हात धरला आणि त्यांना सावकाश चार नंबरपर्यंत घेऊन गेली.