मुहूर्ताचं घड्याळ

वसमतच्या त्या महाविद्यालयात दिपक राठोड सहा वर्षं घड्याळी तासिका तत्त्वावर शिकवत होता. फळ्यापुढे जेवढे तास उभं राहायचं तेवढ्यांचाच पगार. दिवाळी, उन्हाळा आणि विद्यार्थ्यांचे मोर्चे बिनपगारी. २००६ च्या जानेवारीत संस्थेचे अध्यक्ष उत्तमराव यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"राठोड सर, ती आठ कम्प्युटरची जोडणी उद्घाटनाच्या दिवशी चालली की तुमची कायमची ऑर्डर पक्की. न्हाई चालली, तर आमच्या मेव्हण्याचं पोरगं बी कम्प्युटरच शिकलंय."

मेव्हण्याचं पोरगं नेमकं काय शिकलं होतं, हे विचारायची पद्धत संस्थेत नव्हती.

जोडणी म्हणजे मागच्या खोलीत तारांनी एकमेकांना बांधलेले आठ कम्प्युटर. एकाच्या शेतात आठ औतं उतरावीत, तसं एक मोठं गणित आठांत वाटून एकाच वेळी सोडवायचं. सभागृहाच्या व्यासपीठावर नववा कम्प्युटर. त्यात क्लायंट नावाचं सॉफ्टवेअर टाकायचं होतं. या नवव्यानं आठांकडे काम पाठवायचं आणि आलेलं उत्तर पडद्यावर दाखवायचं.

"म्हणजे हा सोता काहीच करत न्हाई?" उत्तमरावांनी विचारलं होतं.

"न्हाई साहेब. नुसता हुकूम सोडतो."

"बराबर. मग हा माझ्याच हातानं चालू करायचा."

दिपकनं क्लायंट बसवला. आठ मशीन्स ओळखीच्याचंच ऐकत. नाव बघत, पासवर्ड बघत आणि वेळही बघत. हुकूम देणाऱ्याचं घड्याळ त्यांच्या घड्याळापेक्षा पाच मिनिटांहून जास्त मागेपुढे असलं, की हुकूम शिळा समजून परत पाठवत. आदल्या दिवशी त्यानं सगळं चालवून पाहिलं. हळदीच्या जुन्या भावांवरून पुढच्या हंगामाचा अंदाज, असं गणित होतं. उत्तर चुटकीसरशी आलं. हेडक्लार्क वैजनाथला त्यानं बजावलं, "आता ह्याला कुणी हात लावू नका."

"आमी काहून लावू?" वैजनाथ म्हणाला.

मुहूर्त बुधवारी दहा वाजून वीस मिनिटांचा होता. पण या भागात पाहुण्याची उंची त्याच्या उशिरावरून मोजतात. तालुक्याचा पुढारी तासभर उशिरा येतो, जिल्ह्याचा दोन तास. उद्घाटनाचे पाहुणे जिल्ह्याचे पुढारी होते, शिवाय निवडणूक जवळ आली होती. हार घेऊन फाटकात उभ्या असलेल्या दिपकला त्यांच्या गाडीची धूळ दिसली तेव्हा एक वाजला होता आणि बुधवारचा राहुकाळ भर रंगात होता.

नारळ फुटला. फोटोवाला सरसावला. उत्तमरावांनी पाहुण्यांचं बोट धरून बटणावर ठेवलं आणि आपल्या बोटानं दाबलं.

पडद्यावर लाल ओळ आली, क्लॉक स्क्यू टू ग्रेट. म्हणजे घड्याळांत फार तफावत.

"काय म्हणून राहिला हा?" पाहुण्यांनी विचारलं.

"वेलकम म्हणून राहिला, साहेब."

दिपकनं पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथं दहा चोवीस झाले होते. भिंतीवरच्या घड्याळातही दहा चोवीस. त्याच्या मनगटावर मात्र एक वाजून गेला होता. वैजनाथ छताचा पंखा निरखत होता.

दिपक त्याच्या कानाशी गेला. "वैजनाथराव, घड्याळ कुणी फिरवलं?"

"फिरवलं कुठं? मुहूर्तावर आणलं. राहुकाळात उद्घाटन करता का, सर? अध्यक्षसाहेबांनी सांगितलं, मी दोन्ही लावून टाकले."

"मागचे आठ न्हाई ऐकणार."

"काहून? त्यांना कुणी सांगितलं किती वाजले?"

कुणी सांगितलं नव्हतं, हीच अडचण होती. अख्ख्या सभागृहात दहा चोवीस वाजले आहेत यावर प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचं एकमत झालं होतं. बंद खोलीतली आठ मशीन्स तेवढी बैठकीला नव्हती.

क्लायंटचं घड्याळ पुढं करणं अर्ध्या मिनिटाचं काम. त्यानं हात पुढं केला तोच उत्तमराव हसऱ्या चेहऱ्यानं, ओठ न हलवता म्हणाले, "राठोड सर, पडद्यावर एक वाजलेला दिसला, तर तुमचे बारा वाजतील."

दुसऱ्या रांगेत मेव्हण्याचं पोरगं कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसलं होतं. ते आता जरा पुढं सरकून बसलं.

दिपकनं टेबलावरचं हळदीकुंकवाचं ताट उचललं.

"साहेब, मागच्या आठ मशीन्सची पूजा राहिली. म्हणून ते अडून बसले."

सभागृहात 'मंग बराबर है' अशी कुजबुज झाली. पाहुण्यांनीही मान डोलावली. "असं कसं करता, उत्तमराव? काम करणाऱ्याचा मान आधी."

खोलीत जाऊन दिपकनं ताट खाली ठेवलं, दार लावलं आणि आठांतल्या मुख्य मशीनचं घड्याळ अध्यक्षांच्या वेळेवर आणलं. उरलेली सात मुख्य मशीनकडे पाहूनच चालत. तीही मागं आली. संस्थेत आल्यापासून मुहूर्त मानायला त्यांना पंधरवडा लागला. वैजनाथ पहिल्या दिवसापासून मानत होता. निघताना आठवण झाली म्हणून दिपकनं आठांना कुंकू लावलं.

सभागृहात पाहुण्यांचं बोट पुन्हा बटणावर दाबलं गेलं. या वेळी पडद्यावर हळदीच्या भावाचा आलेख सरसर चढला.

"हळद चढून राहिली!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आठ जण मिळून एक काम, ते बी भांडण न करता?" पाहुणे म्हणाले. "ह्यांना पक्षात घ्या."

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांतच उत्तमरावांनी दिपक राठोड सर आजच्या शुभमुहूर्तापासून कायम झाल्याचं जाहीर केलं. मेव्हण्याचं पोरगं जेवायला थांबलं नाही.

भिंतीवरचं घड्याळ वैजनाथनं लगेच सरळ केलं, कारण त्यावर ऑफिस सुटायचं. दिपक केबिनमध्ये गेला.

"साहेब, मशीन्सची घड्याळं बी सरळ करतो."

"काहून? चालून न्हाई राहिलं का?"

"चालून राहिलं, पण–"

"मग मुहूर्त कशाला मोडता?"

त्यानंतर प्राचार्यांच्या टेबलावर क्लायंट बसला, मग प्रयोगशाळेत. दर वेळी दिपक आधी घड्याळ मागं घ्यायचा, मग सॉफ्टवेअर टाकायचा. पुढं पुढं विद्यार्थीच हे करू लागले. त्यांना वाटे, पद्धतच अशी आहे.

उन्हाळ्यात मोठ्या शहरातल्या एका संस्थेनं आपली जोडणी वसमतच्या जोडणीला लावायचं ठरवलं. ती लागेना. अध्यक्षांच्या केबिनमधला फोन दिपकच्या हातात होता आणि पलीकडचा इंजिनिअर तिसऱ्यांदा सांगत होता, "सर, तुमच्याकडची वेळ चुकीची आहे."

"काय म्हणून राहिला?" उत्तमरावांनी विचारलं.

दिपकनं फोनवर हात ठेवला.

"काही न्हाई, साहेब. त्यांचं घड्याळ पुढं गेलंय."

"मग मागं घ्या म्हणावं."

दिपकनं हात काढला आणि तसं सांगितलं.