गरम झाल्यावर धरतात

मित्रांत त्याला तुफान म्हणत. घरात आई अजूनही बाळ्याच म्हणायची, आणि यातलं खरं नाव कुठलं, हे बायकोला विचारायची गरज नव्हती.

हे तुफान महिन्यातल्या एका रविवारी शहराबाहेरच्या रेस ट्रॅकवर घोंगावायला जायचं. गाडी कुठली, तर घरातली एकुलती एक छोटी गाडी. तीच घेऊन बायको रोज आपल्या चष्म्याच्या दुकानात जायची आणि वाटेत सासूबाईंना फिजिओथेरपीला सोडायची. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. जरा गचका बसला की त्या ओठ आवळून खिडकीबाहेर बघत, पण तोंडातून शब्द काढत नसत. म्हणून बायको गाडी अशी चालवायची, जणू मागच्या सीटवर काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं ठेवलंय.

मागच्या खेपेला ट्रॅकवर ब्रेकचं तेल उकळलं, पेडल मऊ पडलं आणि तुफान थेट गवतात जाऊन थांबलं. घरी आला तेव्हा तोंड पांढरंफटक. पण दोन घास पोटात गेले, भीती उतरली आणि डोक्यात खरेदी चढली. ब्रेक बदलायचेच, असं ठरलं.

मग रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर परिषद. सल्लागार कोण, तर त्याचा मित्र, ज्याला सगळे पिस्टन म्हणत. हा विमा कंपनीत टेबलामागे बसणारा गृहस्थ. आयुष्यात त्यानं स्वतःच्या हातानं चाक बदललं नव्हतं, पण ब्रेकवर बोलायला लागला की समोरच्याला जांभईसुद्धा देऊ द्यायचा नाही. त्याचं म्हणणं, पुढच्या चाकांना मोठ्या डिस्क आणि त्या आवळून धरणारे लालभडक कॅलिपर हवेतच. बायकोनं विचारलं, गाडी थांबवायची आहे की मिरवायची? दोघांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं मंगळावर भाजी काय भाव आहे असं विचारलंय.

पिस्टन आपले कॅलिपर लावून बघायला घेऊन आला. ते इतके मोठे, की त्यांच्यावर चाकच बसेना. दोन घोडे अर्धा दिवस चाक फिरवून फिरवून बघत होते. शेवटी चाकच कंटाळून बसेल, अशी त्यांची आशा असावी. बायकोनं गॅलरीत उभं राहून चहा घेतला. फार दिवसांनी इतका चवीनं घेतला.

त्या रात्रीच्या जेवणात तिनं स्पष्ट सांगितलं. जास्त उष्णता सोसणारं तेल घाल. डिस्कला घासून गाडी थांबवणारे पॅडही थोडे बरे घाल, पण रस्त्यावर चालणारे. बाकी ट्रॅकवर काय दिवे लावायचेत ते लाव, पण आईंना घेऊन निघाले की पहिल्या दाबाला ब्रेक लागला पाहिजे. त्यानं मान डोलावली. मान डोलावण्यात तो लहानपणापासून हुशार.

शुक्रवारी संध्याकाळी त्यानं नवे पॅड बसवले. रस्त्यावर चालतात ना, असं तिनं विचारलं, तर म्हणाला, एकदम टॉपचे आहेत. हे उत्तर नव्हतं. पण दुकानाचा दिवस पायांत उतरलेला होता, तिनं सोडून दिलं.

शनिवारी सकाळी थंडी होती. ती सासूबाईंना मागे बसवून फिजिओथेरपीला निघाली. पार्किंगमधून फाटकाकडे चांगलाच उतार. बाळ्या नेहमीसारखा पुढे जाऊन, फाटक उघडून मधोमध उभा राहिला आणि विमान उतरवत असल्यासारखे हात हलवायला लागला. तिनं ब्रेक दाबला. पेडल दगडासारखं टणक, आणि गाडी आपली चाललीच आहे. तिनं आणखी जोर लावला. गाडीच्या गावीही नाही. मागून सासूबाईंचा हात तिच्या सीटवर आपटला. तिनं हँडब्रेक खेचला. तो लागतो मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकना, आणि त्यांना तुफान 'डबे' म्हणून हसायचा. त्या डब्यांनी किंचाळत गाडी धरली. तोवर तुफान उडी मारून फाटकाशेजारच्या कुंड्यांत आडवं झालं होतं.

तिनं आधी मागे वळून बघितलं. सासूबाईंनी ओठ आवळले होते, पण मान हलवली, लागलं नाही.

तो माती झटकत खिडकीशी आला. "अगं, ते गरम झाल्यावर धरतात," तो म्हणाला. "ट्रॅकचे आहेत ना. आधी थोडी गाडी फिरवून तापवायचे असतात."

तिच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पण मागची काच खाली झाली.

"तुला हे माहीत होतं?" सासूबाईंनी विचारलं.

सांगायचं राहून गेलं, असं काहीतरी तो पुटपुटला.

"बाळ्या, माहीत होतं?"

"हो."

आयुष्यभर त्यांनी लेकाची बाजू घेतली होती. कप फुटला तर कप निसरडा, नापास झाला तर पेपर अवघड. आजही त्या काहीतरी शोधतील म्हणून सून वाट बघत होती. त्यांना काही सापडलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्याचा त्यांना राग आला होता.

"काढ ते," त्या म्हणाल्या. "जुने बसव. मी इथंच बसते."

सुनेनं वरून खुर्ची आणली. वॉकर शेजारी ठेवून त्या भर पार्किंगमध्ये लेकासमोर बसल्या. आई, उद्या ट्रॅक आहे, असं तो एकदा काकुळतीनं म्हणाला.

"मग हळू चालव."

पिस्टनचा फोन वाजत राहिला. तो कुणी उचलला नाही. जुने पॅड बसले, चाकं चढली. सुनेनं गाडी परत वर नेऊन पेडल दाबून बघितलं. सासूबाई सावकाश येऊन मागे बसल्या, पण निघा म्हणेनात. त्यांनी लेकाकडे बोट केलं.

"जा. मघाशी होतास तिथंच उभा राहा."

तो फाटकात जाऊन उभा राहिला. या वेळी हात हलवले नाहीत. सुनेनं अगदी हळूहळू गाडी उतारावर सोडली आणि अर्ध्यातच ब्रेक दाबला. गाडी पहिल्याच दाबाला, जागच्या जागी थांबली.

तोवर तुफान कुंड्यांमागे पोचलं होतं.