सावलीसकट कोल्हा

लेन्सच्या झाकणाला बांधलेला हिरवा दोरा रोवेनाच्या बोटाला गच्च आवळला होता, बोटाचं टोक पांढरं पडत चाललं होतं, तरी तिने तो सोडवला नाही. कारण ती काम करायची त्या दातांच्या दवाखान्याच्या मागच्या भिंतीवर कुरव या समुद्रपक्ष्याचं एक पिल्लू – पिल्लू कसलं, आईएवढंच झालेलं, फक्त अजून तपकिरी – कुणाच्या तरी करंजीसारख्या खाऱ्या पेस्टीच्या कागदी पिशवीत डोकं खुपसून बसलं होतं. पिशवी उडून जाऊ दे, मग घेऊ, असं तिच्या डोळ्याने परस्पर ठरवून टाकलं... आणि ते ठरवणं लक्षात येताच तिला स्वतःचाच राग आला. तिने पिशवीसकट फोटो घेतला.

दोन पेशंटांच्या मधल्या फटीत जे मिळेल ते, हा त्यांच्या घराचाच शिरस्ता. डॅड ब्रिस्टलमध्ये बस चालवायचे. कॅमेरा सीटच्या मागे, जेवणाच्या डब्याशेजारी. शेवटच्या थांब्यावर बस उभी राहिली की उतारू उतरेपर्यंत कुंपणावरचा रॉबिन, थांब्याच्या पाटीवरचा मॅगपाय, चिप्सचा कागद चाटणारा कोल्हा. पक्ष्यांसाठी म्हणून ते कधी कुठे गेले नाहीत. पक्षीच आपल्या रस्त्यावर राहतात, म्हणायचे, आपण कशाला त्यांच्या गावी जायचं?

मागचं दार उघडून जोसीने डोकं बाहेर काढलं. दातांच्या डॉक्टरांची ही मदतनीस दिवसभर मास्क लावून गप्प असायची आणि त्याचं उट्टं मधल्या सुट्टीत काढायची.

"तुझा लाल शेपटीवाला नवरा, तो रोजचा पक्षी, आला नाही वाटतं आज? बरं, आत एक म्हातारा आलाय. मी विचारलं, दाढ का? तर म्हणतो, नाही, कोल्हा."

डेसमंड प्रायर. पेशंटांच्या खुर्चीत, गुडघ्यांवर मोठं पाकीट धरून, खरोखरच दाढ काढायला आल्यासारखे बसलेले. फोटो क्लबचे अध्यक्ष. वीस-एक माणसं चर्चच्या हॉलमध्ये जमतात, बाहेरगावचा परीक्षक नाव न सांगता एकेक फोटो पडद्यावर दाखवतो आणि मोठ्याने बोलतो. "कोल्हीण सुरेख, पण मागे हा कचऱ्याचा डबा..." आणि मागच्या रांगेत डॅड, बिस्किट चहात बुडवत, शेजारी बसलेल्या तिला कोपराने ढोसत. निसर्ग विभागात माणसाच्या हातचं काही दिसता कामा नये, हा नियम. दरवर्षी डॅड त्याच विभागात फोटो द्यायचे. दरवर्षी तो परत यायचा.

"बस पोरी," डेसमंड म्हणाले. "शनिवारच्या प्रदर्शनात मधल्या भिंतीवर तुझ्या डॅडचाच फोटो लावायचं ठरलंय. निसर्ग विभागात. अखेर."

त्यांनी पाकिटातून फोटो काढला. फेब्रुवारीतला, डॅडचा शेवटचा. पण तिला तो आधी ओळखूच आला नाही. मूळ फोटोत कोल्हीण कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर उभी होती, आणि अंगणाच्या फरशीवरून, उतरत्या उन्हात लांबलचक झालेली डॅडची सावली – डावा खांदा दुखायचा म्हणून कोपर बाहेर काढलेली – थेट डब्याच्या चाकांपर्यंत गेली होती. इथे डबा नव्हता. फरशी नव्हती. शेवाळलेल्या ओंडक्यावर कोल्हीण उभी होती, मागे झुडपं. सुंदर होती... कुठलीही असावी इतकी सुंदर.

"ही कुठे उभी आहे, डेसमंड?"

"ओंडका माझ्या एका फोटोतला आहे." त्यांचे कान लाल झाले. "बरेच दिवस बसलो होतो हे जोडत."

"पुसणं, जोडणंसुद्धा नियमात बसत नाही. तुम्हीच दर महिन्याला वाचून दाखवता."

"ठाऊक आहे! जन्मभर नियम पाळला मी. एकदा मोडला, तो त्याच्यासाठी. लोकांना एकदा तरी त्याच्यासाठी टाळ्या वाजवू दे ना, रोवेना."

टाळ्या. तिला त्या ऐकूसुद्धा आल्या. हो म्हणणं किती सोपं होतं. आई हयात असती तर रडली असती, आनंदाने; आणि हा भला माणूस, ज्याने स्मशानात सगळ्यांच्या मागे उभं राहून पावसात टोपी काढली होती, हलक्या मनाने घरी गेला असता.

"नका लावू," ती म्हणाली.

"पोरी..."

"लावायचा तर डब्यासकट, सावलीसकट. त्याच भिंतीवर, त्याच विभागात. नाहीतर भिंत रिकामी ठेवा."

"समिती ऐकायची नाही."

"मग मी येऊन सांगते समितीला."

"बापावर गेलीस," डेसमंड वैतागून म्हणाले, आणि फोटो परत पाकिटात सरकवताना त्याचा कोपरा दुमडू नये म्हणून त्यांनी केवढी काळजी घेतली.

संध्याकाळी चढावरून घरी जाताना वाक्यं आपोआप जुळत गेली – डॅडनी सावली मुद्दाम ठेवली, हे आमचं अंगण, आम्हीही इथले, असं त्यांना म्हणायचं होतं... आणि चढाच्या मध्यावर ती थांबली. मुद्दाम? फेब्रुवारीत त्यांना दारापर्यंत जायला भिंत धरावी लागत होती. बाजूला सरकता आलं नसेल. सावली दिसलीच नसेल कदाचित. कोल्हीण दिसली, खटका दाबला, एवढंच. समितीने नेमकं हेच विचारलं तर? मला माहीत नाही. मी त्या वेळी स्वयंपाकघरात होते, किटली भरत होते, आणि ते हाक मारत होते, ये, लवकर ये, आणि मी म्हटलं होतं, आलेच.

वरच्या घरांच्या धुरांड्यांवर कुरव कर्कश भांडत होते. तिने जुळवलेली सगळी वाक्यं सोडून दिली. सावली ही चूक असेल. असू दे. ती त्यांची चूक आहे, त्यांच्या दुखऱ्या खांद्यासकट फरशीवर पडलेली, आणि तिच्या बाजूने बोलायला आपल्याकडे एकही कारण नाही हे कळूनसुद्धा आपला मनातला आवाज जराही खाली आलेला नाही, याचं तिला नवल वाटत राहिलं.