उलटी खुर्ची

आमच्या घराण्याला एक वाईट खोड आहे. कुठेही गेलो की आम्ही आधी तिथली खुर्ची उलटी करून बघतो. भावाच्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा वडिलांनी होणाऱ्या व्याह्यांच्या दिवाणखान्यातली खुर्ची उचलली, पाय वर केले, बोटानं सांधे चाचपले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मुलगी पसंत आहे. खुर्च्या मात्र बदलून घ्या." लग्न झालं. खुर्च्याही आम्हीच पुरवल्या.

खुर्च्या बनवणं हा आमचा धंदा. वडिलांनी सुरू केला, आता मी चालवते. वरून सगळ्याच खुर्च्या साजऱ्या दिसतात. खालची बाजू गिऱ्हाईक बघत नाही, म्हणून कारागीर खरा वागतो तो तिथे, आणि चोरी करतो तीही तिथेच. वडिलांचा दुसरा नियम असा की बनवणाऱ्यानं स्वतः आपल्याच खुर्चीवर बसायचं, रोज, कामाच्या वेळी. म्हणून मी गेली बावीस वर्षं कारखान्यात आमच्याच खुर्चीवर बसते, आणि हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतेही. माझं तोंड जरा सुटलेलंच आहे.

आता भाचीचं सांगते. भावाची मुलगी, वय चोवीस. तिला आम्ही पाचर म्हणतो. सांध्यात फट राहिली की लाकडाची चपटी पाचर ठोकतात, तशी ही कुणाच्याही बोलण्यातली फट शोधून तिथे शिरते. शाळेत असल्यापासून ती माझ्या हाताखाली आहे. रंधा असा मारते की छिलका एका लांब वळीनं निघतो. कारखाना पुढे तिनं चालवावा हे माझं स्वप्न. ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं, कारण मला वाटे हाताच्या काकणाला आरसा कशाला.

पण तिनं यंदा अर्ज केला, तो साहेबांकडे.

हे साहेब म्हणजे ऑफिसच्या खुर्च्यांचे मोठे कारखानदार. भाषणं देतात, पुस्तकं लिहितात, दरवर्षी शेकडो अर्जांतून एका तरुणाला निवडून वर्षभर आपल्या सोबत ठेवतात. आजवर निवडलेल्यांपैकी एकही आपल्या जुन्या धंद्यात परतलेला नाही. सगळे तिथेच चिकटले. पाचरची निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा भाऊ नाचायचाच बाकी होता. मी म्हटलं, "अभिनंदन," आणि लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं इतक्या जोरात आपटलं की झाकण उडालं.

"आत्या, अजून हो म्हटलेलं नाही मी," पाचर म्हणाली. "शुक्रवारी भेटायला बोलावलंय. तिथेच उत्तर द्यायचंय. तू चल."

"मी कशाला? लग्नात विहीण मिरवते तशी?"

"तुझी नजर हवी मला."

म्हणून गेलो. मनातून मला एकच हवं होतं, तिनं नाही म्हणावं. तोंडानं मात्र बसमध्ये सगळा वेळ मी साहेबांची स्तुती केली. मुलीच्या वाटेत आडवी आले असं उद्या कुणी म्हणायला नको.

इमारत काचेची. आम्ही वेळेआधी पोचलो, तर खालच्या माणसानं जिन्याशेजारच्या खोलीत बसायला सांगितलं. ती तक्रारींची खोली निघाली. भिंतीपाशी परत आलेल्या खुर्च्यांची रांग, प्रत्येकीच्या हाताला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, आणि टेबलामागे पन्नाशीच्या एक बाई. पाचर त्या खुर्च्यांपुढे उकिडवी बसली ती उठेचना.

"या तिन्ही खुर्च्यांचा एकाच बाजूचा, चाकाचा पाय तुटलाय," ती म्हणाली.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "चाकाचा नाही, वरच्या नळीचा दोष आहे. वजन एका बाजूला जातं. चार महिने लिहून पाठवतेय वर."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी हिच्यावरच बसते ना." बाईंनी आपल्या खुर्चीच्या हातावर थाप मारली. तीच खुर्ची, त्याच कारखान्याची, कापड घासून पांढरं पडलेलं. "चौदा वर्षं झाली. कुठे कुरकुरते ते मला पाठ आहे. नवीन देतो म्हणाले होते. म्हटलं, नको, मग मला लोकांचं रडगाणं कळणार कसं?"

पाचरनं विचारलं आणि बाईंनी सांगितलं, असं वीस मिनिटं चाललं. कोणत्या वयाच्या माणसाची पाठ कुठे दुखते, कोणतं कापड दुसऱ्या उन्हाळ्यात फाटतं, कोणतं गिऱ्हाईक रागावून लिहितं आणि कोणतं गुपचूप दुसऱ्या दुकानात जातं. बोलता बोलता बाईंनी एका खुर्चीचा स्क्रू पिळून दिला. मग वरून बोलावणं आलं.

साहेब माणूस गोड. खोटं कशाला बोलू? उठून उभे राहिले, मला "ताई" म्हणाले, चहा मागवला. त्यांच्या मागे भिंतभर फोटोंच्या चौकटी होत्या, सगळ्यांत तेच. ते बसले होते ती खुर्ची मात्र मी बघतच राहिले. काळी, उंच पाठीची, मानेला वेगळा आधार असलेली.

"ही आपलीच ना, साहेब?" पाचरनं विचारलं.

"अर्थात! आपल्याच कारखान्याची. जो स्वतःच्या मालावर विश्वास ठेवत नाही, त्यानं धंदा करू नये. लिहून ठेव हे वाक्य."

पाचरनं लिहून ठेवलं. मला कसंसंच झालं. हे वाक्य तर माझं, आणि या माणसाच्या तोंडी ते माझ्यापेक्षा जास्त शोभत होतं.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. ते उठून बाहेरच्या खोलीत गेले. दार लागलं मात्र, आमची पोर टेबलाला वळसा घालून पलीकडे. मी डोळे वटारले, हातवारे केले. कसचं काय! तिनं ती अवजड खुर्ची आडवी केली, मग पालथी. पाचही चाकं हवेत गरगरायला लागली.

दार उघडलं.

"काय चाललंय हे?"

"सवय आहे, साहेब," पाचर म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही. "ही आपली नाही. खाली दुसऱ्याच कंपनीचा शिक्का आहे."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. आणि त्याच क्षणी अंगावर मूठभर मांसही चढलं. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

साहेब हसले. तयार हसू होतं ते. "अगं, डॉक्टरांनी सांगितली. पाठीचं दुखणं आहे मला."

"मग आपली खुर्ची पाठीला बरी नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे?"

चहा आला होता. तो घेऊन आलेला माणूस दारातच थबकला.

"प्रत्येक गोष्ट सगळ्यांना सांगायची नसते," साहेब शेवटी म्हणाले, हळू आवाजात. "वर्षभर माझ्याजवळ राहा, म्हणजे काय बोलायचं आणि काय झाकायचं ते शिकशील. बोल, येतेस?"

पाचरनं खुर्ची सरळ केली, चाकं पुसली, जागेवर ढकलली. मग म्हणाली, "तुमच्याजवळ नको, साहेब. राग मानू नका. पण जिन्याशेजारच्या बाईंजवळ दोन महिने बसू द्याल का? पगार नको."

साहेबांना ते अपमानासारखं लागलं की गंमत वाटली, मला सांगता येणार नाही. "तिच्याजवळ? तिला कोण ओळखतं?" एवढंच ते म्हणाले. पण परवानगी दिली. त्या खोलीत काही शिकण्यासारखं आहे यावर त्यांचा विश्वासच नसावा.

बसमध्ये मी गप्प. माझं हे असं गप्प बसणं दुर्मीळ असतं, म्हणून पाचर दोन-तीनदा वळून बघत होती. तिनं नाही म्हटलं होतं. मला हवं होतं तेच झालं होतं. मी आनंदानं उड्या मारायला हव्या होत्या. पण माझ्या डोळ्यांसमोर एक उशी येत होती.

निळी, हातभर लांबीची उशी. दोन वर्षांपूर्वी मी ती कारखान्यातल्या माझ्या खुर्चीच्या पाठीशी ठेवली. आमच्या खुर्चीचं माप वडिलांचं. ते सहा फूट उंच. बैठक इतकी खोल की मी मागे टेकायला गेले तर पाय जमिनीवरून उचलले जातात, आणि पाय टेकवले तर पाठ अधांतरी राहते. तरुणपणी निभावलं. मग कंबर बोलायला लागली, आणि मी उशी ठेवली. वर कुणी विचारलं तर म्हणायचे, रंग छान आहे ना? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. साहेबांच्या खुर्चीला चाकं होती आणि माझ्या खुर्चीला उशी, एवढाच काय तो फरक.

आमचा थांबा यायला थोडा वेळ होता. मी म्हटलं, "पाचर, माझी खुर्चीही खोटी आहे."

ती माझ्याकडे वळली.

"ती उशी. रंगासाठी नाही. आपल्या खुर्चीला माझी पाठ टेकत नाही. बावीस वर्षं मी लोकांना सांगत आले, आणि दोन वर्षं लपवतेय. वडिलांचं माप चुकीचं म्हणायला जीभ रेटत नव्हती." माझा आवाज चिरकला. पुढच्या बाकावरचे गृहस्थ वळून बघायला लागले. "काय बघताय? तुमची टेकते वाटतं?" असं मी त्यांना म्हटलं आणि ते पुढे वळले.

पाचर हसली नाही. म्हणाली, "मला माहीत होतं, आत्या."

"कधीपासून?"

"उशी आली त्या आठवड्यापासून. आपल्या गिऱ्हाइकांच्या घरी जाते ना मी दुरुस्तीला? जिथे बाईमाणूस बसतं तिथे आपल्या खुर्चीवर उशी असतेच. तक्रार कुणी करत नाही. सगळ्यांना वाटतं, खुर्ची चांगली आहे, आपलीच उंची कमी पडते."

"मग बोलली का नाहीस, भवाने? एरवी तर दुसऱ्याला बोलू देत नाहीस!"

"तू स्वतः सांगतेस का ते बघायचं होतं." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "दोन वर्षं थांबले. साहेबांकडे अर्ज केला तो त्याचमुळे. म्हटलं, घरातलं माणूस झाकतंय, तर बाहेरचं तरी खरं बोलतंय का बघू. तर तिथेही झाकाझाकच. मी त्यांची खुर्ची उलटी केली म्हणून ते उघड झालं. तुझी कुणी केली नव्हती, तरी तू सांगितलंस."

मी पदरानं नाक पुसलं.

"दोन महिने बाईंजवळ बसेन," ती म्हणाली, "मग तुझ्याकडेच येणार आहे. कायमची. चालेल ना?"

मी आयुष्यात कुठल्याच निवडणुकीला उभी राहिलेली नाही. त्या बसमध्ये मी निवडून आले, तेही पडता पडता. माझ्या भाचीनं मला पारखून घेतलं होतं, अगदी तसंच, जसं मी तिला लाकूड पारखायला शिकवलं होतं. इतका अभिमान मला कुठल्या खुर्चीचा वाटला नव्हता.

कारखान्यात पोचल्यावर तिनं उशी उचलून फडताळावर टाकली. खुर्ची बाकावर उलटी ठेवली, सांधे मोकळे केले, माझी मांडी मोजली आणि बैठक मागून चार बोटं कापली. वडिलांच्या मापावर करवत चालताना मी पाठ फिरवून उभी होते. तिसऱ्या दिवशी सरस वाळला.

"बस," ती म्हणाली.

मी बसले. दोन्ही तळवे फरशीला लागले होते. मी मागे झाले, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा माझी पाठ आमच्या खुर्चीला टेकली.